घाटवाटा आणि रस्त्याकडेचा तंबू : या चुका टाळा

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून इंधन वाचवणारा एक तरी शहाणा दर सहलीत भेटतोच. तोंडी समजावून थकलो, म्हणून लिहूनच टाकतो. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या (संगणकाने इंधन मोजून सोडणाऱ्या) गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला इंधन जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते जळतच असतं. म्हणजे बचत काही नाही, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर.

याचं पुढे काय होतं ते मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. गाडी मित्राकडे होती, उतार संपता संपत नव्हता, आणि ‘अंधाराच्या आत खाली पोचू’ हा त्याचा धोशा. आधी करपल्यासारखा वास आला. मी म्हटलं थांबू या, तो म्हणाला पुढच्या गाडीचा असेल. दोन वळणांनंतर पेडल दाबलं तर चिखलात पाय जावा तसं थेट तळाला टेकलं. त्याने ते भराभर पाच-सहा वेळा मारलं, जराशी पकड आली, गाडी खालच्या गिअरात ओढली आणि हँडब्रेक हळूहळू खेचत डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. मी चाकांवर ओतायला पाण्याची बाटली उचलली होती. ओतलं नाही ते बरं, ब्रेकची तापलेली डिस्क अशाने तडकते. तासभर दोघंही गप्प बसलो होतो.

ब्रेक ऑइल कित्येक वर्षं बदललेलंच नव्हतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, ओलावा मुरल्यावर हीच हमी 155 वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि आपला पाय नुसते बुडबुडे दाबत राहतो. मी दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो आणि चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरात उतरतो. मागचा फारच हॉर्न वाजवत असेल तर कडेला घेऊन त्याला जाऊ देतो.

दुसरी खोड म्हणजे अंधार पडल्यावर जागा शोधणं. टॉर्चच्या उजेडात ओढ्याकाठची वाळू गादीसारखी दिसते. दिवसा बघा, झुडपांत कमरेच्या उंचीवर वाळकं गवत, काटक्या अडकलेल्या असतील. पाणी तिथवर येऊन गेलंय! बर्फाच्या पाण्यावरचे ओढे तर दुपारनंतर फुगतात, आकाश निरभ्र असलं तरी. कड्याखाली ताज्या फुटीचे, फिकट कडांचे दगड पडलेले असले तर तिथेही नको. रस्त्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नको. मी चार वाजताच शोधायला लागतो. सोबतचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

तंबूत शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडीचं निव्वळ ब्युटेन गॅसचं सिलिंडर शून्य अंशाच्या आसपास रुसतं, गॅसच नीट येत नाही. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा फार तर 500 मीटर उंच.

आणि रात्री चाकाखाली लावलेला दगड सकाळी उचलून बाजूला टाका. तो तसाच रस्त्यात सोडून जाणारे मला न्यूट्रलवाल्यांपेक्षा जास्त डोक्यात जातात.