जिप्सीला मडफ्लॅप: ड्रिल हातात घेण्याआधीची तयारी

जिप्सीला मडफ्लॅप, म्हणजे चाकांमागे लोंबणारे रबराचे पडदे, लावायचं काम मे महिन्यात काढा. भोकांच्या कडांना लावलेला प्राइमर आणि रंग पक्का वाळायला कोरडी हवा लागते, आणि जूनच्या मध्यानंतर कोकणात किंवा मावळात ती मिळत नाही. जुन्या मारुती जिप्सीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यात भोक पाडून कड तशीच उघडी ठेवली तर गंज तिथूनच धरतो. मडफ्लॅप लावायचे ते पत्रा वाचवायला, म्हणजे चाकांनी उडवलेली खडी आणि लाल चिखल दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या पॅनलवर आदळू नये म्हणून. तेव्हा तयारीत दोन गोष्टींना सगळ्यात जास्त जपा: एकही भोक उघडं राहू नये, आणि फ्लॅप कुठे अडकलाच तर पत्रा सोडून दुसरं काहीतरी तुटावं.

आधी गाडी धुऊन, वाळवून, चाकांच्या घेराच्या आतून नीट बघा. जिथे फ्लॅप बसणार तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोका. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. बद्द आवाज आला, रंग फुगलेला दिसला किंवा टोक आत रुतलं, तर ड्रिल बाजूला ठेवून गाडी आधी टिंकरिंगवाल्याकडे न्या. कुजलेल्या पत्र्यात कुठलाही रिव्हेट नट (भोकात घालून एकाच बाजूने दाबून फुगवायचा, आत आटे असलेला नट) टिकत नाही. त्याच वेळी पत्र्याच्या मागून काय जातं तेही शोधा: ब्रेकच्या नळ्या, मागच्या दिव्यांच्या वायरी, पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या. जिथे आत हात पोचतो तिथे साधा नट-बोल्ट लावा, तो केव्हाही बरा. रिव्हेट नट हवा तो बंद पोकळीसाठी, जिथे मागून पाना लावायला जागाच नाही. तिथेही आत निदान वीस मिलिमीटर मोकळी जागा असल्याची बारीक तार घालून खात्री करा.

सेल्फ टॅपिंग स्क्रूच्या वाटेला जाऊ नका. एक मिलिमीटरच्या पत्र्यात त्याचे जेमतेम एक-दोन आटे पकडतात, रबर हलत राहतं, भोक मोठं होतं आणि पुढच्या पावसाळ्यात फ्लॅपच्या जागी गंजलेलं भगदाड उरतं.

आता खरेदी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, दोन्हीकडे हा माल मिळेल. एम६ मापाचे, म्हणजे सहा मिलिमीटरच्या बोल्टला बसणारे, अंगावर रेघा असलेले, झिंकचा मुलामा दिलेले स्टीलचे रिव्हेट नट मागा. या रेघा पत्र्यात रुततात, त्यामुळे नट जागेवर फिरत नाही. अल्युमिनियमचे नट बसवायला सोपे असतात, पण त्यांचे आटे मऊ. शिवाय मिठाच्या ओल्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक झिजतो. अल्युमिनियमच्या बाबतीत नट झिजेल, आणि नट स्टेनलेस स्टीलचे घेतले तर तुमचा पत्रा. पाकिटावर किती जाडीच्या पत्र्याला चालेल ते लिहिलेलं असतं, त्यात एक मिलिमीटर यायला हवा. चार फ्लॅपना प्रत्येकी तीन धरून बारा नट लागतात, पण वीस घ्या. काही सरावात जातील.

बोल्टच्या लांबीकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. रिव्हेट नटचे आटे त्याच्या आतल्या टोकाला असतात, पुढचा भाग दबून फुगण्यासाठी ठेवलेला असतो. बोल्ट आखूड पडला तर तो आत गेल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. रबर दाबून धरायला त्यावरून लावायची तीन मिलिमीटरची पट्टी, पाच मिलिमीटरचं रबर, वॉशर आणि दबलेला नट मिळून वीसच्या आसपास भरतात. म्हणून एम६ चे पंचवीस मिलिमीटरचे बोल्ट घ्या. पट्टी पंचवीस मिलिमीटर रुंद असली की दाब रबरभर पसरतो आणि फ्लॅप एका भोकापाशी फाटत नाही. रबर आत कापडाचे थर असलेलं घ्या. भंगारातल्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा उत्तम चालतो.

नट बसवायचं हत्यार लांब दांड्यांचं, दोन हातांनी दाबायचं घ्या. एका हाताच्या छोट्या पकडीने स्टीलचा एम६ दबता दबत नाही. हत्यार मिळालं नाही तर ८.८ दर्जाचा (कणखर पोलादाचा) बोल्ट, त्यावर एक नट आणि जाड वॉशर एवढ्यावरही काम होतं: बोल्टचं डोकं एका पान्याने स्थिर धरायचं आणि नट फिरवून बोल्ट बाहेर ओढायचा. वॉशरखाली थोडं ग्रीस लावा, म्हणजे तो रिव्हेट नटला सोबत फिरवणार नाही.

भोकाचं माप हा या कामाचा जीव आहे. एम६ ला बहुतेक वेळा नऊ मिलिमीटरचं भोक लागतं, तरी पाकिटावर वाचून खात्री करा. पातळ पत्र्यात साध्या बिटने भोक तिकोनी पडतं, म्हणून पायऱ्यांचं, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारं, बिट हवं. पण ते विकत घेताना पायऱ्या मोजा. पुष्कळ बिटं आठवरून थेट दहावर जातात, आणि दहाच्या भोकात हा नट गरगर फिरेल. तसलंच बिट हाताशी असेल तर आठपर्यंत पाडून पुढचं गोल कानशीने सावकाश वाढवा, दर थोड्या वेळाने नट घालून बघा. नट अंगठ्याने दाबून घट्ट बसला पाहिजे.

जागा ठरवायला पुठ्ठ्याचे फ्लॅप कापून टेपने चिकटवा. गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मूळ मापाचे टायर काढून मोठे टाकले असतील तर पुढचा टायर फ्लॅपला घासतो का ते इथेच कळेल. सायलेन्सरच्या नळीपासून रबर हातभर लांब असू द्या.

आता तुटण्याचा प्रश्न. दगडावरून गाडी मागे घेताना चाक फ्लॅपला खाली दाबून धरतं आणि सगळा ओढा बोल्टवर येतो. डोंगरात फिरणाऱ्यांनी फ्लॅपची भोकं गोल न ठेवता वरच्या कडेपर्यंत चीर द्यावी, म्हणजे ओढ बसली की फ्लॅप पट्टीखालून निसटून येतो. नाहीतर नायलॉनचे एम६ बोल्ट लावावेत, ते आधी तुटतात. फक्त डांबरी रस्ता आणि घाट करणाऱ्यांना स्टीलचे बोल्ट पुरेत.

कामाच्या दिवशी चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचललेल्या गाडीला घोड्यांचा (जॅक स्टँडचा) आधार दिल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नका आणि डोळ्यांवर चष्मा घाला. हाताशी असू द्या: पंच, तीन मिलिमीटरचं बिट, कानस, झिंक प्राइमर, रंग, पोकळीत मारायचं मेण आणि एक मिलिमीटरचा भंगार पत्रा. भंगारावर दोन-तीन नट बसवून ओढ किती लागते ते हाताला कळू द्या. नट फुगून घट्ट झाला की हत्यार एकदम जड लागतं, तिथेच थांबा. त्यापुढे ओढलं तर आटे जातात. भोकाभोवती जाड अंडरकोटिंग (गंज टाळायला गाडीच्या खालून मारलेला थर) असेल तर नटच्या कडेएवढं खरवडून काढा, नाहीतर ते पुढे दबेल आणि नट सैल होईल. कडा साफ, प्राइमर, रंग, पूर्ण वाळणं, मग नट, आणि शेवटी आत मेण, हा क्रम मोडू नका.

बोल्टवर गंजरोधक ग्रीस लावा, लाल थ्रेडलॉक (आटे चिकटवून टाकणारा द्रव) अजिबात नको. त्याने चिकटलेला बोल्ट सोडवताना नटच पत्र्यात फिरू लागतो, आणि मागून धरायला काही नसल्याने तो ड्रिलने काढावा लागतो. आवळताना रबर किंचित दबलं की पुरे. पहिल्या मोठ्या पावसातून गाडी फिरवून आणल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा हाताने तपासा, आणि चार जादा बोल्ट नि त्यांना बसणारा पाना गाडीतच ठेवा.