इंदूरच्या थंडीत ॲक्सोलॉटलची पिल्लं

ॲक्सोलॉटलची जोडी लावायची तर आधी महिना बघा. हा पाण्यातच राहणारा शेपटीवाला उभयचर प्राणी, सॅलमँडरचा एक प्रकार, मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतात आणि पाणी २४ च्या वर गेलं की तो खंगायला लागतो. इंदूरच्या मे महिन्यात चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावून त्याला जगवलं तरी पुष्कळ झालं. पिल्लांचा घाट डिसेंबर-जानेवारीत घालावा. निम्मं काम थंडीच करते, तेही फुकट.

मादी दीड वर्षाची तरी हवी, नर वर्षाचा चालतो. नराच्या मागच्या पायांमागे, शेपटीच्या मुळाशी ठळक फुगवटा असतो. मादी अंगानं गोल दिसते. दोघं एकाच दुकानातून एकाच दिवशी आणली असतील तर भावंडंच समजा. ती जोडी नको.

दोन आठवडे दोघांना वेगळ्या टाक्यांत, २० अंशांच्या आसपास ठेवा आणि गांडुळं भरपूर खाऊ घाला. तोवर गॅलरीत तिसरी टाकी तयार करा. नळाला नर्मदेचं पाणी आलं की बादलीत भरून त्यातलं क्लोरीन औषधानं काढायचं. तळाशी खडी नको, ते गिळतात. खरखरीत सपाट दगड मात्र हवेतच, कारण नर शुक्राणूंचे जेलीसारखे सुळके तळावर चिकटवतो आणि गुळगुळीत काचेवर ते नीट धरत नाहीत. मी शाळेची जुनी दगडी पाटी चौकट काढून टाकीत ठेवली, मस्त चालली. अंड्यांसाठी हायड्रिला या पाणवनस्पतीचे झुपके सोडा.

मग संध्याकाळी दोघांना थंड पाण्यात आणा. गॅलरीतल्या टाकीचं पाणी रात्री १४ च्या आसपास उतरतं, तेवढं पुरे. मात्र एकदम बदल नको, सावकाश मिसळा. खोलीतला दिवा बंद. नर शेपटी हलवत पुढे चालतो, मादी मागून येते आणि सुळक्याचं टोक आत घेते. सकाळी पाटीवर पांढरे ठिपके दिसले तर समजा गाडी रुळावर आहे.

एक-दोन दिवसांत अंडी. शंभर असतील, हजारही असतील. दिसायला थेट भिजवलेला सब्जा. लगेच मोठ्यांना बाहेर काढा. पहिल्या वेळी मी ‘सकाळी बघू’ म्हणून झोपलो. सकाळी निम्मी अंडी त्यांच्या पोटात होती. जेवढी पिल्लं खरंच सांभाळता येतील तेवढीच अंडी ठेवा. बाकीची पहिल्या दोन-तीन दिवसांत फ्रीजरमध्ये गोठवून नष्ट करावी लागतात. घरात सांगून ठेवा, नाहीतर फालुद्यात जातील! पांढरी पडलेली अंडी रोज वेचून टाका, बुरशी पसरते.

दोन-तीन आठवड्यांत पिल्लं फुटतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांना काही लागत नाही, नंतर हलणारंच अन्न लागतं: मिठाच्या पाण्यात उबवलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), गोड्या पाण्यात धुऊन, दिवसातून दोनदा. आर्टेमियाला ऊब हवी, म्हणून बाटली बल्बजवळ ठेवा. खरी कसोटी इथेच असते. पुढचे पाय फुटायला लागले की ती एकमेकांचे पाय तोडतात, तेव्हा आकारानुसार वेगळी करा.

आणखी एक. हा प्राणी साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, पिल्लांचीसुद्धा.

मादीला आता पुढच्या थंडीपर्यंत नराजवळ सोडू नका.