बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू करताय? या चुका टाळा

खूप दिवस एका जागी उभी असलेली गाडी दिसली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा. कमी पैशांत गाडी चालू करायची असेल तर सगळ्यात आधी हा मोह आवरा. उभ्या-उभ्या झालेली खराबी बहुतेक वेळा थोडक्यात निस्तरते. पहिल्या दहा मिनिटांच्या घाईत केलेली खराबी मात्र इंजिन उघडायला लावते.

इंजिन हाताने न फिरवता सेल्फ मारणे

सिलिंडरमध्ये ओल शिरली की पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला चिकटतात. अशा वेळी सेल्फने जोर लावला की रिंग तुटू शकते किंवा भिंतीवर ओरखडे पडतात. म्हणून बॅटरी जोडायच्या आधी सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट पाना लावा आणि इंजिन चालताना ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर पान्याला नळी लावून बळ करू नका. गंज सोडवणारं तेल घाला आणि अजून दोन-चार दिवस थांबा. हे थांबणं फुकट आहे, इंजिनकाम फुकट नाही.

ऑइल चमचाभरच, हेही लक्षात ठेवा. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये जास्त ऑइल साचलेलं असताना प्लग बसवून सेल्फ मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग परत लावायच्या आधी भोकांवर फडकं टाकून इंजिन एकदा फिरवून घ्या, जास्तीचं ऑइल बाहेर येईल.

डिपस्टिकही (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) याच वेळी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ते कुठून आलं हे कळेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवायला गाडीला टायमिंग चेन नसून रबरी बेल्ट असेल, तर तिथे काटकसर नको, नवाच घाला. गाडी चालो न चालो, रबराचं वय वाढतच असतं. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

जुन्या पेट्रोलवर नवं पेट्रोल ओतणे

पेट्रोल काही महिन्यांतच उतरायला लागतं. त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ राहते आणि वास वॉर्निशसारखा येतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतली ओलही शोषून घेतं. वरून पाच लिटर ताजं ओतलं तरी ही राळ पुढे सरकून फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत) अडकते. टाकी पूर्ण रिकामी करा. हे काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढून आणि आसपास कुठलीही ठिणगी नसताना करायचं. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. टाकीला आतून गंज असेल तर नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत तुंबेल, म्हणून स्वस्तातले दोन फिल्टर जास्तीचे आणून ठेवा. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार खुपसू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी पेट्रोल-हवेचं मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

अंदाजाने पार्ट बदलत सुटणे

माझे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले. सेल्फ नुसता 'टक' करत होता म्हणून मी दुसरा सेल्फ आणला. तरी तेच. शेवटी दोष निघाला इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरमध्ये. तिचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरने घासलं आणि काम झालं.

म्हणून पहिली खरेदी साध्या मल्टिमीटरची. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या खाली गेलेली जवळजवळ उतरलेली असते. चार्ज करूनही सेल्फ मारताना आकडा 9.5 च्या खाली कोसळत असेल तर दोष बहुधा बॅटरीतच आहे.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन सुरू होत नाही? थोडा वेळ सेल्फ मारून लगेच एक प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगीत गडबड आहे. एवढ्या एका नजरेत निम्मे पार्ट संशयातून सुटतात. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर टाकीतला पंप दोनेक सेकंद घुंघावतो. तो आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग पंप. आणि वायरिंग कुरतडलंय का, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आहे का, हेही बघा. उभ्या गाडीत ते असतंच असं धरून चाला.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला गार होऊ द्या.

इंजिन सुरू झालं म्हणून लगेच चक्कर मारणे

हा आनंद मला पूर्ण समजतो, आणि म्हणूनच भीती वाटते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवतं. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेल्या ब्रेकच्या मुख्य सिलिंडरचं) सील बहुधा गेलंय, गाडी हलवू नका. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असू शकतात. ते अॅक्सिलरेटर देऊन तोडू नका, अस्तर उखडून ड्रममध्येच राहतं. ड्रमवर लाकडी हातोडीने ठोकून सोडवा आणि आत उघडून बघा. टायरची नक्षी शाबूत असली तरी फसू नका. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. भेगा पडल्या असतील तर टायर बाद.

हे सगळं बघताना गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नका. वीट सूचना न देता फुटते. जॅक स्टँडच लावा. आणि बंद जागेत इंजिन चालवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दरवाजा, दिवे, अल्टरनेटर, सेल्फ हे जुन्या बाजारातून बिनदिक्कत घ्या. ब्रेकचे भाग, होज, बेल्ट आणि टायर मात्र नवेच. रंग आणि सीट कव्हर सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की नजर ऑइलच्या लाल दिव्यावर ठेवा. काही सेकंदांत तो विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर इंजिन गरम होईपर्यंत जागेवरच चालू द्या आणि टेंपरेचरच्या काट्याकडे बघत राहा. मग बंद करून खाली कुठे काही ठिबकतंय का ते टॉर्च लावून बघा.