आयबीत जायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे करून बघा

दर वेळी आयबीची (इंटेलिजन्स ब्युरो, केंद्राचं देशांतर्गत गुप्तचर खातं) भरतीची जाहिरात आली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच धमाल सुरू होते, कोणी गॉगलवाला स्टिकर टाकतो, कोणी विचारतो पिस्तूल मिळतं का. २०२५ ला तर ३,७१७ जागा निघाल्या होत्या म्हणजे विचारायलाच नको. पण करिअर म्हणून सिरियसली विचार करत असाल तर आधी काम काय आहे ते बघा, सिलॅबस नंतर.

पहिली गोष्ट, "इंटेलिजन्स अॅनालिस्ट" या नावाची पोस्ट शोधत बसू नका, सापडणार नाही. ग्रॅज्युएटसाठी मेन दरवाजा म्हणजे एसीआयओ (असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर) ग्रेड टू एक्झिक्युटिव्ह, केंद्रीय गृहखात्याच्या साइटवर जाहिरात येते, वय १८ ते २७, कुठलीही डिग्री चालते. एसएससी सीजीएलमधून (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनची ग्रॅज्युएटसाठीची परीक्षा) आयबीत असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं पण ते जास्त करून ऑफिसचं काम. दहावीवर सिक्युरिटी असिस्टंटच्या जागा निघतात, तिथे लोकल भाषा येणं लागतं. रॉची (परदेशातली माहिती काढणारं गुप्तचर खातं) "भरती" अशी जाहिरात येत नाही, टेक्निकल लोकांसाठी कॅबिनेट सेक्रेटेरिएटच्या नावाने डेप्युटी फील्ड ऑफिसरची येते, गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या स्कोअरवर. कोणी दादरला चहा पाजून "रॉमध्ये लावून देतो, दोन लाख द्या" म्हणाला तर चहा पिऊन निघायचं, बस.

आता काम. ९०% लोकांच्या डोक्यात पाठलाग असतो, आणि खरं काम म्हणजे वाचन आणि लिखाण. चार ठिकाणून अर्धवट माहिती आली, दोन एकमेकांच्या उलट आहेत, एक जुनीच गोष्ट नव्याने सांगतेय, आणि संध्याकाळपर्यंत साहेबाला एक पानाची नोट द्यायचीय ज्यात "आम्हाला काय माहितीये" आणि "आम्हाला काय वाटतंय" हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. आपल्या मुंबईकरांना हे कोणी समजवायला नको खरं तर. २६/११ नंतर हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने जे लिहिलं त्यातला मुद्दा हाच होता, अतिरेकी समुद्रातून येऊ शकतात असे अलर्ट आधीच आले होते, पण ते सुटे सुटे पडले होते, सगळे एकत्र लावून चित्र उभं करणारं कोणी नव्हतं. ते एकत्र लावणं म्हणजे अॅनालिसिस. आणि ते बरोबर जुळलं तरी बातमी होत नाही, चुकलं की मात्र दहा वर्षं चौकशीत नाव.

आणि हेसुद्धा ऐकून ठेवा, एसीआयओ झालात म्हणजे टेबलच मिळेल असं नाही. एअरपोर्टचं इमिग्रेशन बघणारा ब्युरो आयबीकडेच आहे, त्यामुळे रात्री तीन वाजता काउंटरवर बसून पासपोर्ट बघणं हीसुद्धा पोस्टिंग असू शकते. ऑल इंडिया ट्रान्सफर तर आहेच, "मला मुंबईच पाहिजे" वाल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तर आपल्याला हे जमेल का हे कसं कळणार? क्लासला पैसे भरायच्या आधी घरबसल्या एक टेस्ट करा. समजा पेपरात आलं की सोमवारपासून रिक्षावाले संपावर जाणार. गुरुवारी रात्री बसा आणि अर्ध्या पानात लिहा, संप होणार की नाही. नुसतं "होईल असं वाटतं" चालणार नाही. कुठल्या युनियनने सांगितलं, त्या युनियनचं वजन बोरिवलीत आहे की फक्त एका नाक्यावर, बाकीच्या युनियन गप्प का, मागच्या वेळी धमकी दिली तेव्हा मंत्र्यांनी मीटिंग बोलावल्यावर काय झालं, आणि तीन पेपरात जी बातमी आहे ती तीन सोर्सची आहे की एकच प्रेसनोट तिघांनी छापलीय. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, इथेच निम्मे लोक गंडतात. मग खाली आकडा टाका, होण्याची शक्यता ३०%, आणि पुढे लिहा की काय घडलं तर मी मत बदलेन. सोमवारी सकाळी स्टेशनबाहेर जाऊन बघा. असं दोनतीन महिने करा, कधी पाणीकपात, कधी कांद्याचा भाव, कधी कुठल्या आमदाराचं पक्षांतर (हे सगळ्यात कठीण, आमदाराला स्वतःलाच माहीत नसतं). जुनी पानं काढून वाचताना मजा आली तर पुढे जा. आणि चुकलेलं पान बघून "नाही पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती" असं सुचायला लागलं तर विचार करा, कारण ही सवय या धंद्यात फार महाग पडते.

पैशाचं बोलू. एसीआयओला पगाराची लेव्हल ७, बेसिक ४४,९०० पासून, वर डीए (महागाई भत्ता), आणि २०% स्पेशल सिक्युरिटी अलाउन्स म्हणजे ८,९८० सुरुवातीला. मुंबईत पोस्टिंग असेल तर एचआरए (घरभाडं भत्ता) ३०%, म्हणजे १३,४७०. आता १३,४७० मध्ये अंधेरीत काय मिळतं ते तुम्हाला माहितीये, नालासोपारा बदलापूर बघावं लागेल, क्वार्टर मिळालं तर नशीब. उपाशी मरणार नाही, पण बीकेसीतल्या कॉर्पोरेट मित्राशी तुलना करत बसलात तर त्रास होईल.

परीक्षा थोडक्यात सांगतो कारण यावर यूट्यूब भरलंय. टियर वन एक तासात १०० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट. टियर टू ५० मार्कांचा लेखी, निबंध, इंग्रजी उतारा वगैरे, आपली पोरं इथे मार खातात कारण सगळी तयारी पर्यायावर टिक करायची केलेली असते. मग इंटरव्ह्यू १०० चा. वरची अर्ध्या पानाची सवय टियर टूला आपोआप कामी येते.

घरच्यांशी आधीच बोला. १९८५ चा एक कायदा आहे ज्याने गुप्तचर खात्यातल्या लोकांच्या युनियन करण्यावर, प्रेसशी बोलण्यावर बंधनं आहेत, आणि २०२१ मध्ये पेन्शनच्या नियमात बदल करून रिटायर झाल्यावरही परवानगीशिवाय खात्याच्या कामाबद्दल छापायला बंदी घातली. म्हणजे तुम्ही काय करता हे बायकोला, आईला, कधीच नीट सांगता येणार नाही. आणि सिलेक्शन झालं की काका लगेच नाक्यावर फ्लेक्स लावणार, फोटोसकट "आयबीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली नगरसेवकाचा हसरा चेहरा. त्यांना आधीच हात जोडून सांगून ठेवा की "सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये लागला" एवढंच बोलायचं.

नाही झालं तर? हेच काम मुंबईत बाहेर भरपूर आहे. बँकांना संशयास्पद व्यवहारांचा रिपोर्ट दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला द्यावा लागतो, ते शोधणाऱ्या टीम मालाड, गोरेगाव, ऐरोलीत बसतात. पैशाचा माग काढायचा, कागद जुळवायचे, नोट लिहायची, म्हणजे काम तेच. मी तर म्हणेन २२-२३ वय असेल तर एखादं वर्ष तिथे काढा, पगारही चालू राहतो आणि रोज आठ तास डोळे फोडून रिपोर्ट वाचणं झेपतंय का तेही कळतं.

जाता जाता, ओबीसीवाल्यांनी वयाची ३ वर्षं सूट घ्यायची तर सेंट्रलच्या फॉरमॅटमधलं सर्टिफिकेट लागतं, राज्याचं चालत नाही. उपनगरवाल्यांना वांद्र्याच्या कलेक्टर ऑफिसचा चक्कर पडू शकतो. एसईबीसीचं (मराठा समाजाचं) आरक्षण राज्यापुरतं आहे, सेंट्रलला त्याचा उपयोग नाही, बसत असाल तर ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटक) सर्टिफिकेट काढा. जाहिरात आल्यावर फॉर्मला तीन आठवडे वगैरे मिळतात आणि तेव्हाच सगळी मुंबई त्या खिडकीवर उभी असते, त्यामुळे कागद आत्ताच काढून ठेवा.