फळांचे चॉकलेट ट्रफल: पेरू, संत्रं, अंजीर आणि सीताफळ

फळाचं ट्रफल, म्हणजे फळ घातलेला चॉकलेट-क्रीमचा मऊ गोळा, बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याने. पेरूत साधारण ८० टक्के पाणी असतं, संत्र्यात ८७ च्या आसपास, स्ट्रॉबेरीत ९० च्या वर. चॉकलेटमध्ये मात्र पाणी जवळपास नसतंच. साखरेचे आणि कोकोचे बारीक कण कोको बटरमध्ये पसरलेले असतात, एवढंच. त्यात ताज्या फळाच्या फोडी तशाच टाकल्या की दोन दिवसांत फोडीभोवती रस सुटतो, आतला गोळा चिकट होतो आणि मग बुरशी धरते. म्हणून फळ आधी आटवायचं किंवा सुकवलेलंच घ्यायचं. सीताफळासारखं आटवता न येणारं असेल, तर बाकीच्या जिनसांमधलं पाणी कमी करायचं. पुढची मापं या हिशेबाने बसवली आहेत, त्यामुळे वाटी-चमच्याने काम भागणार नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा हवा.

इंदुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात दुपारचा पारा ४० च्या पुढे जातो. तेव्हा ओट्यावर ठेवलेलं चॉकलेट कधी घट्ट होणारच नाही. पावसाळ्यात अडचण दमट हवेची: फ्रीजमधून काढलेल्या गोळ्यांवर लगेच दव धरतं. हिवाळ्यात खोलीचं तापमान आपसूक १८ ते २२ अंश राहतं, आणि पेरू-संत्री त्याच दिवसांत ठेल्यावर येतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर एसीची खोली धरा.

चॉकलेट घेताना पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड आवरणाला चालतं, आतल्या गनाशला (गरम क्रीम आणि चॉकलेटच्या मिश्रणाला) नको, कारण ते तोंडात पूर्ण विरघळत नाही आणि टाळूला तेलकट थर राहतो. दोन्ही एकत्र वितळवूही नका. दोघांतल्या चरबीचं जमत नाही, आवरण मऊ राहतं आणि त्यावर पांढुरकी झाक येते. पेरूला आणि संत्र्याला ५० ते ६० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट घ्या. त्याहून कडू घेतलं तर फळ हरवतं.

क्रीम बाजारात सहज मिळतं ते २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम. परदेशी कृतींत ३५ टक्क्यांचं क्रीम धरलेलं असतं, म्हणून ती मापं इथल्या क्रीमला जशीच्या तशी लावली तर गनाश सैल होतं. आपल्या क्रीममध्ये पाणी जास्त. ते कमी घ्यायचं आणि थोडं लोणी घालून फॅट भरून काढायचं.

पेरूचं ट्रफल

सुरुवात पेरूपासून करावी हे आमचं स्पष्ट मत. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे गर लवकर दाटतो आणि गनाशला धरून ठेवतो. पंचवीस ते अठ्ठावीस गोळ्यांसाठी एवढं लागेल: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम ६० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १५ ग्रॅम, पिकलेले पेरू ३०० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, लिंबाचा रस एक छोटा चमचा, मीठ आणि लाल तिखट चिमूटभर. आवरणासाठी आणखी २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, नाहीतर बिनसाखरेची कोको पावडर. तीनशे ग्रॅम पेरूंसाठी इंदूरची घाऊक चोइथराम मंडी गाठायची गरज नाही. ठेल्यावर जाम (पेरूचं इंदुरी नाव) म्हणून मिळतात तेच घ्या, फक्त दाबल्यावर दबणारे आणि वास सुटलेले.

पेरूंचे तुकडे करून १०० मिली पाण्यात झाकण ठेवून १०-१२ मिनिटं शिजवा, घोटा आणि मोठ्या स्टीलच्या गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. मिक्सरला लावू नका, बिया फुटल्या की गर किरकिरीत होतो. यातला १५० ग्रॅम गर घ्या. आता जाड बुडाची कढई रिकामीच काट्यावर ठेवून तिचं वजन लिहून ठेवा. गर, साखर, लिंबाचा रस आणि मीठ तिच्यात घालून मंद आचेवर हलवत राहा. कढईसकट वजन करून आतला माल ६५ ग्रॅम उरला की थांबायचं. डोळ्यांनी ओळखायचं तर चमचा फिरवल्यावर कढईचा तळ दिसला पाहिजे आणि गर श्रीखंडाच्या चक्क्याइतका दाट झाला पाहिजे. शेवटची पाच मिनिटं हात सोडू नका. याच वेळी तो उडतो आणि लागतोही. तिखट आता घाला. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) टाकायचा मोह इंदूरकराला होणारच, पण त्यातला हिंग चॉकलेटला मारतो. ते पोह्यांसाठी राहू द्या.

गनाशसाठी चॉकलेट सुरीने बारीक चिरा, मोठे खडे राहिले तर क्रीमची उष्णता त्यांना पुरत नाही. वाडगं आणि चमचा हाडकोरडे हवेत. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवा, खळखळ उकळू नका. चॉकलेटवर ओतून एक मिनिट झाकून ठेवा, मग मधोमध छोट्या गोलात ढवळायला लागा आणि चकाकी आली की गोल वाढवत कडेपर्यंत न्या. एवढ्या कमी क्रीमने सगळं चॉकलेट वितळणार नाही, थोडे खडे राहतील. वाडगं गरम पाण्याच्या पातेल्यावर अर्धा-एक मिनिट धरलं की ते विरघळतात. मात्र वाडग्याचा तळ पाण्याला टेकू नये आणि वाफ आत जाऊ नये. मग कोमट केलेला गर दोन-तीन वेळा करून घाला, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळू द्या. लोणी शेवटी, मिश्रण ४० अंशांच्या खाली, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं झालं की.

गर आणि क्रीम एकत्र उकळायचा शॉर्टकट घेऊ नका. फळातलं आम्ल गरम दुधातल्या प्रथिनांना फाडतं. क्रीम फाटतं आणि गनाशमध्ये दाणे राहतात. संत्र्याच्या बाबतीत तर हे हमखास होतं.

गनाश फुटलं, म्हणजे वर तेल तरंगायला लागलं आणि खाली दाणेदार लगदा दिसला, तर फेकू नका. क्रीम फार गरम होतं किंवा ढवळणं घाईचं झालं की चरबी वेगळी होते. मिश्रण ४० अंशांच्या आसपास ठेवा, एक छोटा चमचा कोमट दूध घाला आणि मधोमध जोराने ढवळा. चकाकी परतली नाही तर आणखी एक चमचा. तीन चमच्यांत बहुधा जुळतं. हँड ब्लेंडर असेल तर काम लवकर होतं, फक्त पातं मिश्रणात बुडालेलं ठेवा, हवा भरायला नको. नुसतं चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडून ते गच्च झालं, तर दुखणं वेगळं. ते आवरणाला आता चालणार नाही, पण गरम क्रीम घालून त्याचं गनाश छान होतं. म्हणजे थेंबभर पाणी बिघडवतं आणि पुरेसं पाणी तेच सावरतं.

मिश्रण पसरट ताटलीत ओता, वर प्लास्टिकचा कागद अगदी चिकटवून लावा. दोन तास खोलीत, मग एक तास फ्रीजमध्ये. एकदम फ्रीजमध्ये ढकललं तर कडा दगड होतात आणि मध्य सैल राहतो. नंतर चमच्याने १२ ग्रॅमचे गोळे काढा, सगळे काढून झाले की दहा मिनिटं थंड करा आणि मगच हाताने वळा. तळहातांना कोको पावडर लावा. हात गरम असतील तर गार पाण्यात बुडवून अगदी कोरडे पुसा, किंवा पातळ हातमोजे घाला. एका गोळ्याला चार-पाच फेऱ्या पुरेत. लाडवासारखं जास्त वळत बसलात तर तेल सुटतं.

आवरण

सोपा मार्ग कोको पावडरचा: गोळे तिच्यात घोळवायचे, चाळणीत हलवून जास्तीची झाडायची. पहिल्या खेपेला एवढंच करा.

चॉकलेटचं कडक, चकचकीत कवच हवं असेल तर टेंपरिंग करावं लागतं, म्हणजे चॉकलेट वितळवून ठरावीक तापमानापर्यंत गार करायचं. २०० ग्रॅममधलं १५० ग्रॅम चॉकलेट ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा, आचेवरून उतरवा आणि उरलेलं ५० ग्रॅम बारीक चिरून त्यात ढवळत ढवळत मिसळा. डार्क ३१-३२ अंशांवर आलं की कामाला लागा. मिल्क असेल तर २९-३०, व्हाइट असेल तर २७-२८. न वितळलेल्या चॉकलेटमध्ये कोको बटरचे योग्य जातीचे स्फटिक असतात, ते बाकीच्यांना आपल्या वळणावर आणतात, म्हणून हे चिरलेलं चॉकलेट आधीच कडक आणि चकचकीत, म्हणजे टेंपर केलेलं हवं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा: पाचेक मिनिटांत कोरडं आणि चमकदार झालं तर जमलं. पट्टे-पट्टे उमटले तर पुन्हा तापवण्यापासून सुरुवात.

बुडवायच्या आधी गोळे फ्रीजमधून काढून वीस मिनिटं खोलीत ठेवा. थेट गार गोळा बुडवला की आतला गनाश नंतर फुगतो आणि कवचाला तडा जातो. खायच्या दोन काट्यांनी बुडवा, वाडग्याच्या कडेला निथळा, बटर पेपरवर सोडा. उरलेलं चॉकलेट थापून ठेवा, पुढच्या वेळी कामी येतं.

बाकीची फळं

संत्रं: २०० ग्रॅम डार्कला संत्र्याच्या दोन सालींचा फक्त केशरी भाग किसून क्रीममध्ये घाला, क्रीम तापवून दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. गाळताना थोडं क्रीम कमी होतं, म्हणून पुन्हा मोजून ६० ग्रॅम करा आणि परत तापवा. १५० मिली रस १५ ग्रॅम साखर घालून आटवून ४० ग्रॅम करा. बाकी कृती पेरूचीच. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, आणि बाजारातल्या सालीवर मेण असू शकतं. आधी गरम पाण्याने चोळून धुवा.

अंजीर, जर्दाळू, खजूर हे नवशिक्यांसाठी सगळ्यात भरवशाचे, कारण पाण्याचा बंदोबस्त आधीच झालेला असतो. सियागंजातून (इंदूरच्या घाऊक बाजारातून) आणताना दाबून मऊ लागतील तेच घ्या. २०० ग्रॅम डार्कला क्रीम ९० ग्रॅम, लोणी १५ ग्रॅम आणि मुगाएवढे चिरलेले ८० ग्रॅम सुके फळ. अंजीर फारच कोरडं असेल तर चमचाभर संत्र्याच्या रसात रात्रभर मुरवा. पाण्यात भिजवून पिळलेलं चालणार नाही.

सीताफळाला व्हाइट चॉकलेटच हवं, आणि आच मुळीच नको, तापवलेला गर कडवट होतो. व्हाइट २०० ग्रॅम, क्रीम ३० ग्रॅम, दुधाची पावडर २० ग्रॅम आणि गाळलेला गर ४० ग्रॅम. पावडर कोमट क्रीममध्ये गाठी न राहता मिसळा, चॉकलेट वेगळं वितळवून त्यात घाला, आणि मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावर गर. हे मिश्रण मऊच राहतं. चार तास फ्रीजमध्ये ठेवून झटपट वळा, नाहीतर सिलिकॉनच्या साच्यात भरा. गर काढल्याबरोबर वापरा, ठेवला की काळपट पडतो.

अननस, पपई आणि किवी कच्चे कधीच नकोत. त्यांच्यातली एन्झाइम्स क्रीममधल्या प्रथिनांचे तुकडे पाडतात आणि काही तासांत कडवट चव येते. गर पाच मिनिटं खळखळ उकळला की ती निकामी होतात. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो, तो चालतो, फक्त पाक पूर्ण निथळा.

साठवण

पेरू आणि संत्र्याचे गोळे हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, पाच दिवस. सुक्या फळांचे दहा दिवस. सीताफळाचे तीन, त्याहून एकही जास्त नको. चॉकलेट वास पटकन ओढून घेतं, म्हणून लसणीच्या चटणीशेजारी डबा ठेवू नका. बाहेर काढल्यावर डबा बंदच ठेवून अर्ध्या तासाने उघडा. लगेच उघडला तर दव धरतं, आणि ते सुकल्यावर कवचावर साखरेचा खरखरीत पांढरा थर उरतो. पांढरेपणा गुळगुळीत असून बोटाच्या उबेने जात असेल तर तो चरबीचा, टेंपरिंग हुकल्याचा किंवा डबा गरम जागी राहिल्याचा. दोन्ही खायला चालतात. मात्र गोळा ओलसर होऊन आंबूस वास आला असेल तर टाकून द्या.