चेनसेट बदलायची गरजच नव्हती

डिचोली ते पणजी रोजची ये-जा. जुलैच्या पावसात बाईकची चेन कटकट करू लागली. गॅरेजवाल्याने वाकूनही न बघता सांगितलं, चेनसेट (चेन आणि तिची दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रं) बदला. मन मानेना.

रविवारी पडवीत गाडी डबल स्टँडवर लावली. स्प्रॉकेटचे दात नीट पाहिले; झिजून हुकासारखे वाकलेले नव्हते. चेन मात्र बोटाने दोन इंच वर-खाली होत होती, आणि गाडीच्या स्टिकरवर 25 ते 30 मिलीमीटर लिहिलंय! रॉकेल लावून ब्रशने घासली, तेव्हा लाल चिखल निघाला. मग मागच्या चाकाच्या ॲक्सलचा (आसाचा) नट ढिला करून चेन ताणणारे दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवले. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्याच पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन ताणली की मागचा ड्रम ब्रेकही ओढला जातो, तोही जुळवला. शेवटी 90 नंबरचं गिअर ऑइल.

आवाज बंद. इंजिनाचं काम मात्र मी मेकॅनिककडेच देतो.