नेपरव्हिलच्या डाउनटाउनात उन्हाळा कसा घालवावा

शिकागोपासून पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या नेपरव्हिलमध्ये मराठी घरं भरपूर. मे-जून उजाडला की त्या घरांत भारतातून आई-बाबा येतात आणि दोन आठवड्यांत ठरलेली तक्रार सुरू होते: "इथे नुसती घरंच घरं, माणसं कुठे आहेत?" मुलगा-सून शनिवार-रविवारी शिकागो दाखवतात, एकदा नायगारा होतो आणि मधले पाच दिवस टीव्हीसमोर जातात.

माणसं आहेत. जून ते सप्टेंबर ती संध्याकाळी डाउनटाउनात असतात. माझं मत असं, की उपनगरातला उन्हाळा मोठ्या महोत्सवांवर काढायचा नसतो, तो रतीबासारखा लावायचा असतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्याच जागी जाऊन बसलं की तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारच्या खुर्चीतली आजी आपणहून बोलायला लागते.

१. आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवा

एका मोकळ्या दुपारी, कुठलाही कार्यक्रम नसताना, डाउनटाउन पायी फिरून घ्या. ड्यूपेज नदीच्या काठाने विटांची पायवाट आहे, तिला रिव्हरवॉक म्हणतात. गावाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८१ साली, गावकऱ्यांनी अंगमेहनत करून तिची सुरुवात केली. वाटेत छपराचे लाकडी पूल, कारंजी आणि बाकं आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना दर थोड्या अंतरावर टेकायला मिळतं.

दोन ठिकाणं लक्षात ठेवा. एक सेंट्रल पार्क, दुसरं जेफरसन अॅव्हेन्यूवरची निकोल्स लायब्ररी. लायब्ररीत एसी आणि स्वच्छतागृह आहे आणि तासन्‌तास बसलं तरी कोणी उठवत नाही. ऊन लागलं, पाऊस आला, नातवाला तातडीने 'जायचंय', सगळ्यावर उपाय एकच.

गाडी पार्किंग डेकमध्ये लावा. डाउनटाउनात पार्किंगला पैसे पडत नाहीत, मात्र रस्त्याकडेच्या जागांना वेळेची मर्यादा असते, ती पाटीवर वाचून घ्या. शिकागोहून येणाऱ्यांनी युनियन स्टेशनवरून मेट्रा या लोकल रेल्वेची बीएनएसएफ मार्गावरची गाडी पकडावी. नेपरव्हिल स्टेशनवरून दक्षिणेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की डाउनटाउन.

२. गुरुवार बँडसाठी राखून ठेवा

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. नेपरव्हिल म्युनिसिपल बँड १८५९ पासून वाजतो आहे, म्हणजे अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू व्हायच्याही आधीपासून. उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी साडेसातला सेंट्रल पार्कात त्यांचा कार्यक्रम असतो. तिकीट नाही, आरक्षण नाही. त्या त्या वर्षीच्या तारखा मात्र आधी पाहून घ्या.

साधारण पावणेसातला पोहोचा. घडीच्या खुर्च्या आणि एक सतरंजी न्या. बुटक्या खुर्च्या आणि सतरंजीवाले पुढे, उंच खुर्च्या मागे किंवा कडेला, हा शिरस्ता कुठे लिहिलेला नसला तरी पाळला जातो. डबा खुशाल न्या. आजूबाजूला सँडविचं निघतात, तिथे तुमचे मेथीचे ठेपले निघाले तर बिघडत नाही. फक्त ज्याचा वास चार रांगा पुढे जाईल ते घरी ठेवलेलं बरं. कचरा सोबत न्या किंवा पेटीत टाका.

अशा कार्यक्रमांची सुरुवात बहुधा राष्ट्रगीताने होते. लोक उभे राहतात, टोप्या काढतात, उजवा हात छातीवर ठेवतात. पाहुण्यांनी टोपी काढून शांत उभं राहिलं की झालं. मग कवायतीच्या चालीची मार्च धून, जुन्या नाटकांमधली गाणी, सिनेमांचं संगीत असा मामला असतो. पोरं गवतावर हुंदडतात, त्याला कोणाची हरकत नसते. हरकत असते ती व्हिडिओ कॉलला. इथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे भारतात शुक्रवारचे पहाटेचे सहा, पुण्याची मावशी नुकतीच उठलेली असते, तिला बँड 'लाइव्ह' दाखवायचा मोह होतो. कॉल करायचाच तर झाडांमागे जाऊन करा आणि स्पीकर बंद ठेवा.

जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. सूर्य कलला की नदीकडून डास येतात. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं औषध पायांना आधीच लावा. सलवार किंवा पातळ पायजम्यातून डास आरामात चावतो.

३. मंगळवारी घंटा ऐका

रिव्हरवॉकच्या पश्चिम टोकाकडे मोझर टॉवर आहे. त्यातल्या मिलेनियम कॅरिलोनला, म्हणजे सुरांत लावलेल्या घंटांच्या वाद्याला, ७२ घंटा आहेत. वादक वर खोलीत बसून लाकडी दांड्यांवर मुठी मारत त्या वाजवतो. उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी वादनाची प्रथा आहे, यंदाची वेळ आधी तपासा. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी बसू नका, थोडं लांब गवतावर बसलात तर सूर नीट कानावर येतात.

४. शनिवारी सकाळी बाजार

जून ते ऑक्टोबर, शनिवारी सकाळी सात ते बारा, स्टेशनाजवळ फिफ्थ अॅव्हेन्यू स्टेशन इमारतीच्या आवारात फार्मर्स मार्केट भरतं. आठच्या आत जा. सुटे डॉलर ठेवा, कार्ड चालतंच असं धरू नका.

भाव करू नका. हे आईला आधीच सांगून ठेवा, कारण ती "दोन घेतले तर कितीला?" विचारणारच. बारा वाजायला आल्यावर विक्रेता आपणहून कमी करतो, ती गोष्ट वेगळी.

काय घ्यावं ते महिन्यावर आहे. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत मिशिगनची ब्लूबेरी, ऑगस्टमध्ये पीच आणि टोमॅटो. पण या बाजाराचा खरा राजा कणीस. इलिनॉयची शेतं मक्याचीच, पण त्यातला बहुतेक मका जनावरांना आणि इथेनॉलला जातो. खायचा स्वीट कॉर्न वेगळा, तो जुलैच्या मध्यापासून येतो. निवडताना साल सोलून बघू नका. सोललेलं कणीस मागे उरलं की विकलं जात नाही, शेतकरी मनातून चिडतो. सालीवरूनच अंगठा फिरवा: दाणे टोकापर्यंत भरलेले लागले पाहिजेत. वरचे केस तपकिरी पण किंचित चिकट असावेत, कोरडे काळे नकोत. देठाची कापलेली बाजू ओलसर असेल तर आज-कालचंच तोडलेलं समजा. त्याच दिवशी खा, कारण ठेवलं की गोडी उतरते. आपल्याकडच्या कणसासारखं खूप वेळ भाजायचंही नाही, चार-पाच मिनिटांत होतं. तिखट-मीठ-लिंबू आपलं.

५. नातवंडांसाठी पाणी

सेंटेनिअल बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे. जुन्या दगडखाणीचा केलेला तलाव आहे, कडेला वाळू टाकलेली. गावच्या शंभरीच्या निमित्ताने, १९३१ साली, ती जागा घेतली गेली. तिकीट आहे, गावाबाहेरच्यांना जास्त. पाण्यात उतरणार असाल तर पोहण्याचा पोशाख न्या, घरचे सुती कपडे चालवून घेतील असं समजू नका.

६. मोठे दिवस: जा, पण तयारीने

ऑगस्टमध्ये, पंधरा ऑगस्टच्या आसपास, इंडिया डे होतो. २०१५ पासून ही मिरवणूक निघते, मग रिव्हरवॉकजवळच्या रोटरी हिल या टेकडीच्या उतारावर रंगमंच आणि खाण्याचे स्टॉल. गर्दी अफाट. आई-बाबांना न्यायचं तर मिरवणूक सावलीच्या बाजूने पाहा आणि जेवण घरून करूनच निघा, वडापावच्या रांगेत उन्हात तास घालवण्यात अर्थ नाही. निघताना परत भेटायची जागा ठरवून घ्या, कारण एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही.

चार जुलैची आतषबाजी अंधार पडल्यावरच, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊला. जागा वर्षागणिक बदलू शकते. दिवाळीचा जोश घेऊन स्वतःचे बाण उडवू नका, इलिनॉयमध्ये ते बेकायदा आहे.

७. आकाशावर लक्ष

इथला उन्हाळी पाऊस आपल्या पावसासारखा रेंगाळत नाही, तासाभरात झोडपून जातो, पण विजा वाईट असतात. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका. इमारतीत किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच राहा. आयोजकही बहुधा हाच नियम लावतात.

वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्याचंही आई-बाबांना आधी सांगा. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला त्याची चाचणी असते, तेव्हा चहा सोडून उठायचं कारण नाही. एरवी वाजला तर तो वादळाचा, आणि मग खिडक्यांपासून लांब, तळघरात किंवा तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत जायचं.